'या' म्हणायचा मान

१

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली भिंत पाडायची, हे काकूंनी लग्न होऊन ह्या घरात आल्या त्याच आठवड्यात ठरवलं होतं. पाडायला आयुष्य गेलं. आधी सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय आंधळ्या होतो का? ह्याच स्वयंपाकघरात जन्म काढला." मग नवरा म्हणाला, "बघू." काही माणसं हा शब्द दाराला कुलूप घालावं तसा वापरतात. पुढे सासूबाई गेल्या, नवराही गेला, आणि काकू भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत राहिल्या. उजेड सगळा भिंतीपलीकडे, मागच्या खोलीत. तिथे जुन्या गाद्या आणि एक मोडका पंखा, आणि त्या दोघांनाही उजेडाचं काही काम नव्हतं.

नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गल्लीला त्या काकू, आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलाला आई. त्या मुलाला भिंत पाडायचा बेत कळला आणि त्याने फोनवर डोक्याला हात लावल्याचा आवाजसुद्धा काकूंना ऐकू आला.

"आई, ह्या वयात तोडफोड कशाला? घर विकून टाकू. तू इकडे ये. तुझ्यासाठी खोली ठेवलीय मी."

"खोली पाहुण्याला देतात," काकू म्हणाल्या. "मला घर आहे."

बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी तह झाला. काम करायचं, पण मध्येच काही बिनसलं, कामगार पळाले, आईला झेपेनासं झालं, तर काकूंनी निमूट मुलाकडे जायचं आणि घर विकायला काढायचं. "मान्य," काकू तावातावाने म्हणाल्या. आपण काय कबूल करून बसलो ते त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

मग कंत्राटदार बघायला सुरुवात झाली. पहिल्याने आपल्या फोनवर एकाहून एक चकाचक स्वयंपाकघरं दाखवली. त्यांतल्या एकाही घरात कधी दूध उतू गेलेलं दिसत नव्हतं. दुसऱ्याने चहा पिऊन विचारलं, "घरात बोलायला कोणी मोठं माणूस आहे का?" काकू म्हणाल्या, "आहे. तीच सांगतेय, दार त्या बाजूला आहे."

तिसऱ्याला सगळे 'होऊन-जाईल' म्हणत. खिडकी मोठी करायची? होऊन जाईल. ओटा वळवायचा? होऊन जाईल. पण ह्या माणसाने निदान भिंतीला हात तरी लावला. बोटांच्या पेरांनी ठकठक केलं, कान टेकवला, पुन्हा ठकठक केलं. मग तो जरा जास्तच वेळ तसाच कान लावून उभा राहिला.

"पलीकडे कोणी आहे का, काकू?"

"गाद्या आहेत."

"नाही, मला वाटलं..." तो हसला आणि त्याने कान चोळला. "छताचं वजन हिच्यावर नाही. नुसती उभी आहे. होऊन जाईल."

काकूंनी त्यालाच काम दिलं.

२

घरात माणसं आली की घर जागं होतं, मग ती माणसं घर फोडायला का आलेली असेनात. गवंडी म्हातारा आणि बडबड्या होता. राडारोडा वाहणारी बाई त्याच्या उलट, दिवसभरात चार शब्द बोलणारी. होऊन-जाईल सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि त्याच्या मते तेवढ्याने काम पुढे सरकायचं. छन्नीचे घाव दिवसभर चालत. सगळीकडे धूळ. काकू शिंकत, चहा करत आणि मनातल्या मनात नाचत.

संध्याकाळी काम थांबलं की काकू मोरीवर कपबश्या विसळत असत. निघताना एकेकजण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचा, "येतो, काकू." त्या मागे वळून न बघता म्हणायच्या, "या." बाई म्हणायची, "येते." पुन्हा "या." घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे पोराला चालता यायच्या आधी शिकवतात. पण त्यावर 'या' म्हणणं हा मान असतो, आणि तो घरच्या मोठ्या माणसाचा, हे काकू ह्याच घरात शिकल्या. नव्या नवरी असताना त्या एकदा पटकन 'या' बोलून गेल्या होत्या. पाहुणे वळणापलीकडे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरात मी आहे अजून." त्यानंतर किती तरी वर्षं काकूंनी तो शब्द गिळला. आता त्याच शब्दाला कोणी आडवं येत नव्हतं, आणि मोरीवर पाठमोरं उभं राहून तो सहज फेकण्यात काकूंना जी मजा वाटायची ती भिंत पाडण्याहून कमी नव्हती.

भिंतीला पहिलं आरपार भोक पडलं त्या संध्याकाळी गवंडी गेला, बाई गेली, होऊन-जाईल गेला. काकूंनी तिघांनाही 'या' म्हटलं, दाराला आतून कडी घातली आणि राहिलेली शेवटची बशी विसळायला घेतली.

"येतो, काकू."

गवंड्याचा आवाज. तोच घोगरा, तोच 'काकू'तला लांबट ऊकार.

"या," काकू म्हणाल्या.

बशी फडक्यावर पालथी घातली आणि मग त्यांचा हात थांबला. गवंडी मघाच गेला होता. काहीतरी विसरलं म्हणून परत आला असेल. पण परत आला तर दार कोणी उघडलं? त्या बाहेरच्या दाराशी जाऊन आल्या. कडी त्यांनी घातली तशीच होती.

म्हणजे कोणीतरी 'येतो' म्हणालं होतं आणि गेलं नव्हतं.

३

काकू हिशेबी डोक्याच्या. भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की त्यांना जांभई यायची. रस्त्यावरून गवंडी कोणाला तरी बोलला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. भोक पडलंय, मागच्या खोलीच्या खिडकीतून आवाज येतो आता. ठीक. पण रस्त्यावरचा माणूस 'काकू' कशाला म्हणेल?

दुसऱ्या संध्याकाळी मंडळी गेल्यावर त्या मुद्दाम मोरीशी उभ्या राहिल्या. आवाज भोकातून आला नाही. मागच्या खोलीच्या दाराशी आला, म्हणजे भिंतीच्या अलीकडच्या बाजूला. आणि तो आज गवंड्याचा नव्हता.

"येते, काकू."

बाईचा आवाज. तोच थकलेला, खाली घसरणारा.

आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "या."

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. सवय! शिंक जशी थांबवता येत नाही तसा तो शब्द. आयुष्यभर गिळला होता तेव्हा गिळता येत होता, आणि आता नेमका जिभेच्या टोकावर बसलेला. भिंतीला कान असतात हे काकूंनी ऐकलं होतं. तोंडही असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी फरशीवर धुळीत पावलं उमटलेली दिसली. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात आलेली. परत गेलेली नाहीत. गवंड्याची म्हणावं तर गवंडी बूट घालतो, बाईच्या पायात रबरी चपला. ही पावलं अनवाणी होती, पाची बोटं स्वच्छ. काकूंनी आपली घरातली चप्पल काढली आणि एका पावलावर पाऊल ठेवून बघितलं. बरोबर बसलं. अगदी अंगठ्याशेजारचं वाकडं बोटसुद्धा.

"मग माझीच आहेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. टाचा दुखतात म्हणून त्या घरात कित्येक वर्षांत अनवाणी चालल्या नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि सगळी पावलं पुसून काढली.

भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. आपण दोनदा 'या' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायचं नाही, एवढंच.

४

उपाय सोपा होता. संध्याकाळ झाली की काकू तोंडात पाण्याची चूळ धरून मोरीशी उभ्या राहू लागल्या. तोंडात पाणी असलं की जीभ जागची हलत नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांना ते जमलं. सगळे गेल्यावर पाठीमागे, अगदी ओट्याच्या कोपऱ्याशी, होऊन-जाईलच्या आवाजात कोणीतरी "येतो हं, काकू" म्हणालं. पण त्यांनी पाणी गिळलं नाही की थुंकलं नाही, आणि शब्द काढला नाही. कितीतरी वेळाने वळून बघितलं तर ओटा, कपबश्या आणि भिंतीतलं आता दाराएवढं झालेलं भगदाड. भगदाडावर धुळीसाठी लावलेला प्लास्टिकचा कागद आत-बाहेर हलत होता.

पण ह्या युक्तीत एक गफलत होती आणि ती काकूंच्या लक्षात आली नाही. चूळ तोंडात असताना खरी माणसंही 'येतो' म्हणत होती, आणि त्यांनाही 'या' मिळत नव्हतं.

एक दिवस गवंडी आलाच नाही. मग बाईही नाही. होऊन-जाईल एकटा आला आणि कमरेवर हात ठेवायचं विसरून दाराशीच उभा राहिला.

"काकू, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार? माणसं कुठे आहेत?"

"गवंडी म्हणतो, काकू 'या' म्हणत नाहीत. सरळ पाठ फिरवून उभ्या राहतात. म्हातारा माणूस, मनाला लागलं त्याच्या. म्हणतो, ज्या घरातून 'या' नाही त्या घरात परत पाय कसा टाकू? आणि बाईला तर..." तो घुटमळला.

"बाईला काय?"

"बाई म्हणते, ती निघून फाटकाशी पोचली आणि तिला आतून तिच्याच आवाजात कोणीतरी बोललेलं ऐकू आलं. आता दिवसभर धूळ खाल्ल्यावर माणसाला काय काय ऐकू येईल! मी म्हटलं, होऊन जाईल." पण हे म्हणताना त्याचं लक्ष काकूंच्या खांद्यावरून आत होतं.

आपल्याला भ्रम झालेला नाही ह्याचं काकूंना एका बाजूने समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीच जास्त भीती वाटली. काम अर्ध्यावर थांबलं, कामगार पळाले. मुलाच्या कानावर गेलं की तो पुढच्या गाडीने येणार, प्रेमाने येणार, आणि प्रेमानेच सामान बांधायला घेणार. पाहुण्याची खोली. सुनेचं स्वयंपाकघर. तिथे 'या' म्हणायचा मान सुनेचा, आणि तो तिचाच असायला हवा. म्हणजे काकूंना मरेपर्यंत तो शब्द पुन्हा गिळणं आलं.

"गवंड्याला सांगा," त्या म्हणाल्या, "काकूंच्या दाढेत दुखत होतं म्हणून तोंडात औषध धरलं होतं. उद्यापासून बाहेरच्या दाराशी उभी राहून, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून 'या' म्हणेन. पाठ फिरवून नाही. माझ्या घरात आता कोणीच पाठ फिरवून 'या' म्हणणार नाही."

"अहो काकू, एवढं कशाला..."

"होऊन जाईल," काकू म्हणाल्या.

५

भिंत पडली. शेवटच्या विटा निघाल्या आणि दुपारचं ऊन मागच्या खोलीतून सरळ ओट्यापर्यंत आलं. गवंड्याने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "काकू, तुमच्या स्वयंपाकघराचा रंग पिवळा होता होय? मला राखाडी वाटत होता." काकूंना हसू आलं आणि हसता हसता रडूही. त्यांनी डोळे पुसले नाहीत. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर तेवढं चालतं.

संध्याकाळी त्या दाराशी उभ्या राहिल्या. गवंडी, बाई, होऊन-जाईल. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून "या", "या", "या". तिघे वळणापलीकडे दिसेनासे झाल्यावर त्या घरात आल्या.

भिंतीच्या जागी आता वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा कागद होता. पलीकडच्या खिडकीतलं मावळतं ऊन त्यावर पडून तो दुधासारखा दिसत होता. खिडकी बंद होती. तरी कागद मध्यभागी अलीकडे फुगला. माणूस टेकल्यावर फुगतो तसा.

"येतो, काकू," होऊन-जाईल म्हणाला. "येते," बाई म्हणाली. "येतो, काकूऽ," गवंडी म्हणाला. तिन्ही आवाज एकाच जागेवरून.

काकूंना पळावंसं वाटत होतं, दार तर उघडंच होतं. पण पळून जायचं कुठे, तर त्या पाहुण्याच्या खोलीत. मग त्यांना असा काही संताप आला की भीतीला घरात उभं राहायला जागाच उरली नाही.

"जातो म्हण," त्या म्हणाल्या.

कागद हलायचा थांबला.

"आयुष्यभर पोरांना सांगत आले, जातो म्हणू नये. तुला सांगते, जातो म्हण. सासूच्या राज्यात तोंड मिटून राहिले, नवऱ्याच्या 'बघू'पुढे राहिले. आता तुझ्यापुढे राहीन असं वाटलं तुला? ह्या घरात 'या' म्हणायचा मान माझा आहे. तो तुला मिळायचा नाही. म्हण, जातो."

कागदाचा फुगवटा हळूहळू मावळला आणि तो सरळ लोंबत राहिला. मग काकूंनी जाऊन कागद एका झटक्यात ओढून काढला. पलीकडे मोडका पंखा आणि रिकामी खिडकी.

'जातो' असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं. काकूंनी तिकडे काणाडोळा केला.

६

त्यानंतर काही झालं नाही. संध्याकाळी माणसं 'येतो' म्हणत, काकू 'या' म्हणत, आणि मग घर गप्प. गिलावा झाला, फरशी झाली, ओटा खिडकीसमोर आला. होऊन-जाईलने कमरेवर हात ठेवून शेवटचं पाहिलं आणि म्हणाला, "झालं, काकू." हा शब्द त्याच्या तोंडी पहिल्यांदाच ऐकून दोघंही हसले.

मुलगा बघायला आला. चपला काढायच्या आधी त्याने भिंतीची जागा बघितली. ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली, मिटली. त्याचा चेहरा लहानपणी गणित चुकल्यावर व्हायचा तसा झाला.

"आई, तुझंच बरोबर होतं ग."

"मग? कोणाचं असणार?"

"एकटीला भीती नाही ना वाटत?"

"कोणाची?" काकू म्हणाल्या, आणि ते अगदी झोकात म्हटलं गेलं.

जेवण झालं, गप्पा झाल्या. दुपार कलल्यावर तो निघाला. पुन्हा घर विकायचा विषय काढणार नाही असं त्याने आपणहून सांगितलं. काकू त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. त्याने सामान गाडीत ठेवलं, दार उघडलं आणि आईकडे वळून म्हणाला, "येतो ग, आई."

काकूंनी तोंड उघडलं.

"ये," आतून आवाज आला.

तो काकूंचाच आवाज होता. शांत, कपबश्यांच्या किणकिणाटातून सहज आलेला. आणि 'या' नव्हे, 'ये'. पोटच्या पोराला म्हणतात तसं.

मुलगा गाडीत बसत होता, त्याची पाठ होती. आईने म्हटलं असेल असंच त्याला वाटलं असणार. त्याने काचेतून हात हलवला. काकूंनी नुसती एक हाक मारली असती तर तो उतरला असता. धावत आला असता. आणि मग संध्याकाळपर्यंत काकूंची बॅग त्याच गाडीत असती. त्यांच्या घशाशी ती हाक आली, आणि त्यांनी ती गिळली. गिळायची सवय होती ती शेवटी कामाला आली.

गाडी वळणापलीकडे गेली. काकू घरात आल्या. त्यांनी बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि ती नीट बसली का ते ओढून बघितलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता.

खिडकीतून ऊन येत होतं, इतकं की काही लपायला जागाच नव्हती. मोरीशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. बाह्या वर केलेल्या, केसांचा तसाच सैल अंबाडा, एका हातात बशी. पाय अनवाणी होते, आणि घोट्यापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेले.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. जायचं असेल तर माणूस जिथे उभं राहून 'येते' म्हणतं, नेमक्या त्या जागी. मोरीवरचे हात थांबले. ते 'येते' ऐकायला थांबले आहेत, हे काकूंना लख्ख कळलं. तेवढा एक शब्द हवा होता. पुढचा 'या' तयारच होता.

काकूंनी चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत आल्या, स्टूल ओढलं आणि नव्या ओट्याला पाठ टेकवून ऐसपैस बसल्या.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि जातही नाही. मी इथलीच. आणि माझ्या घरात कोणाला 'ये' म्हणायचं तर तोंडाकडे बघून म्हणायचं असतं. वळ."

नळ बंद झाला. बशी फडक्यावर पालथी घातली गेली. मग ते खांदे हळूहळू वळू लागले, आणि काकू पापणी न लववता बघत राहिल्या.